आतून कापलेला कोपरा

हरिश्चंद्रने नवघरच्या नव्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली सनमायकाची कपाटं बसवून घेतली आणि त्या दिवसापासून घरात फर्मानं सुटायला लागली. ओल्या हाताने दार धरायचं नाही. आत चूक ठोकायची नाही. ताजं फर्मान असं की बायकोच्या, म्हणजे मनोरमाच्या आईची पितळी भांडी कपाटात मावत नाहीत, तेव्हा रविवारी मोडवाला येऊन ती घेऊन जाणार.

"कल्हई तरी कोण करतं आता?" तो म्हणाला. "ठेवायचीच असतील तर जागा दाखव."

"आणि दाखवली तर?"

"तर ठेव! पण कपाटाला बाहेरून एक ओरखडा दिसला ना, तर बघ."

बाहेरून. मनोरमाने हा शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

शुक्रवारी तो ऑफिसला गेला आणि तिने उत्तनहून लुईसला बोलावलं. लुईस म्हणजे शेजारच्या मॉलीचा भाऊ, होड्या बांधणारा. ओट्याच्या दोन बाजू जिथे कोपऱ्यात मिळतात, तिथल्या बंद फळीवर त्याने बोटांची पेरं आपटली. ढब ढब.

"पोकल हाय. बाय, यो कोपरा त्या मिस्त्रीनं आख्खा मारून टाकलाय. मी होडीत येवडी जागा फुकट घालवली, तर कोली मलाच समिंदरात टाकतील. दार करू?"

"बाहेरून हात नाही लावायचा. साहेबांचा हुकूम आहे."

लुईस हसला. सिंकशेजारचं कपाट रिकामं करून कमरेपर्यंत आत शिरला आणि कोपऱ्याच्या बाजूची फळी आतूनच कापली. पातेली गेली, परात आडवी गेली. घंगाळाचा कान अडला.

"अजून कापा."

"साएब वरडंल."

"ओरडू दे. मी आहे ना! कापा तुम्ही."

रविवारी मोडवाला तराजू घेऊन दारात. "भाभी, माल निकालो!"

हरिश्चंद्रने माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं. "अगं, भांडी कुठायत?"

"जागेवर."

"कुठल्या जागेवर?"

तिने सिंकशेजारचं कपाट उघडलं, पुढचे डाळींचे डबे बाजूला केले. तो वाकला, डोकं आत घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढेचना.

"फोडलंस? माझं कपाट फोडलंस?"

"बाहेरून ओरखडा दाखवा."

तो गुडघ्यांवर बसला. चष्मा चढवला, दारांवरून तळवा फिरवला, कडा नखाने चाचपल्या. सनमायका चकचकीत. मोडवाला मजेत बघत होता.

"साब, मैं जाऊँ क्या?"

"रुको जरा..."

"जाओ भैया," मनोरमा म्हणाली. "यहाँ कुछ नहीं निकलनेवाला."

हरिश्चंद्र अजून फरशीवरच.

"बसलाच आहात तर ऐका," ती म्हणाली. "कपाटाखाली ज्या पट्टीला पाय लागतो ना, तिच्यामागेही चार इंच पोकळ आहे. लुईसभाऊ मंगळवारी येतायत. हाफ डे टाका, टॉर्च धरायला माणूस लागतो."