यादविगाबाईंसाठी दोन ओळी

सीमेपलीकडच्या बियालिस्टोकला भावाकडे पोचेपर्यंत ताइसाचा दिवस सीमेवरच्या रांगेतच मोडला. हा भाऊ, विताल, देश सोडून गेला तो कायमचा. भेटायचं तर तिनेच जायचं.

द्रानिकी, म्हणजे बटाट्याची धिरडी, खाऊन झाल्यावर त्याने लॅपटॉप पुढ्यात ओढला. "ताया, बंदी घातलेल्या बातम्या कशा वाचतेस?"

"वाचतच नाही. दिवसभर सोनोग्राफीच्या पडद्यावर लोकांची पोटं बघते. घरी येऊन आणखी कुठला पडदा बघू? शिवाय ते डीप वेब म्हणजे शस्त्रं नि विषं विकणाऱ्यांचा बाजार ना?"

"तुझ्या पेशंटांचे रिपोर्ट बाहेर कुणी शोधले तर सापडतात?"

"सापडले तर माझी नोकरी जाईल."

"मग तेही डीप वेबच. कुलपाआडचं सगळं. तू रोज तिथेच काम करतेस. तो बाजार म्हणजे त्यातला एक अंधारा कोपरा. तिकडे फिरकायचं नाही."

मग त्याने बंद केलेली पानं उघडणारा टॉर ब्राउझर दाखवला. बनवणाऱ्यांकडूनच घ्यायचा, अनोळखी फायली उघडायच्या नाहीत, आपल्या नेहमीच्या खात्यात शिरायचं नाही. "हा तुझा माग पुसतो. पण नाव तूच सांगितलंस, तर तो बिचारा काय करणार?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ताइसा जांभई देत म्हणाली.

ग्रोदनाला घरी परतल्यावर एका रविवारी तिने तो उघडला. बंदी घातलेल्या बातम्यांच्या पहिल्याच पानावर यादविगाबाईंचा फोटो होता. शाळेत तिला बेलारूसी शिकवणाऱ्या बाई परमुलखात वारल्या होत्या. खाली श्रद्धांजल्या होत्या: 'एक विद्यार्थी', 'ग्रोदनाहून कुणीतरी'. नाव एकाचंही नव्हतं; अशा पानावर नाव दिसलं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ताइसानेही 'एक विद्यार्थिनी' लिहिलं. मग तिला ते फार लाजिरवाणं वाटलं. तिने ते पुसून लिहिलं: 'तुम्ही शिकवलेली भाषा मी घरात अजून बोलते. ताइसा रादकेविच.'

दुसऱ्या दिवशी वितालचा फोन आला. उघड बोलायची सोय नव्हती.

"दार उघडं राहिलंय तुझं."

"राहिलं नाही, मीच उघडं ठेवलंय."

"तिथल्या लोकांना सांगून बंद करून घेऊ?"

"नको रे. दारं लावून लावून दमले मी."

त्याने विषय सोडून दिला. मग म्हणाला, "जेवत जा वेळेवर."

उन्हाळा लागता लागता दवाखान्यातल्या मुख्य डॉक्टरांनी तिला बोलावलं. त्यांनी वडिलांच्या नावानिशी आदराने हाक मारली, पण मान वर केली नाही. "ताइसा मिखाइलाउना, राजीनामा तुम्हीच लिहा. म्हणजे मला दुसरं काही लिहावं लागणार नाही." तिने लिहिला. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पण नाव कशाला घातलंत?"

"बाई गेल्या होत्या," ती म्हणाली.

घरी येऊन ती चपलाही न काढता आडवी झाली. पुढे कुणी चौकशीला आलं नाही, पण जिन्यावर पावलं वाजली की ती दिवा मालवायची. शरदात एका जनावरांच्या डॉक्टरने तिला कामावर घेतलं. आता ती कुत्र्यामांजरांची पोटं बघते.

"वाचतेस का अजून?" विताल अधूनमधून विचारतो.

"वाचते," ती म्हणते, "डोळे उघडे राहिले तर."