आन्तेने घासलेलं नाणं

मित्रांनो, मी सोन्याचं एक जुनं नाणं आहे, एक औंस वजनाचं आणि चोवीस कॅरटचं. माझ्या एका अंगाला राणीचा चेहरा आहे आणि दुसऱ्या अंगाला सोन्याच्या ओबडधोबड गोळ्याचं चित्र. असा गोळा आमच्या ऑस्ट्रेलियात जमिनीत सापडतो, त्याला नगेट म्हणतात. पुढे माझ्या धाकट्या भावंडांच्या अंगावर कांगारू आला. मी मात्र पहिल्याच वर्षीचा, १९८६ सालचा. या गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म पर्थच्या टांकसाळीत झाला. साधी नाणी एका दाबात तयार होतात आणि नळीत भरून विकायला जातात. मला मात्र चकचकीत केलेल्या ठशाखाली जपून पुन्हा दाबलं, त्यामुळे माझं अंग आरशासारखं झालं. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला कडेला धरून उचललं आणि पारदर्शक डबीत बंद केलं. त्यानंतर तेरा वर्षं मला कोणाचं बोट लागलं नाही.

मला विकत घेतलं आन्ते राडमानने. तो दूर युरोपातल्या दाल्मेशियाच्या एका बेटावरून एकोणिसाव्या वर्षी कालगूर्लीच्या सोन्याच्या खाणीत आला होता. खाण सुटल्यावर तो धातुशोधक यंत्र घेऊन रानात नगेट हुडकत फिरायचा. बेटावर त्याची थोरली बहीण लूत्से होती. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवलं होतं. तो तिला सेका म्हणायचा, म्हणजे आपली ताई. घर सोडल्यापासून तीस वर्षं त्याने तिला पाहिलं नव्हतं.

मला घरी आणलं त्या दिवशी तो म्हणाला, "हे सेकाकडे जायचं तिकीट. जरा भाव वाढू दे, की विकतो आणि निघतो."

बिस्किटांच्या डब्यात माझी इतर नाण्यांशी ओळख झाली. दक्षिण आफ्रिकेचा क्रुगररँड तांबूस आणि टणक होता. त्याच्यात तांबं मिसळलेलं असल्याने तो माझ्याहून जड भरायचा, पण सोनं दोघांतही एकच औंस. कॅनडाचं मेपलचं पान माझ्यासारखं शुद्ध, म्हणून माझ्यासारखंच मऊ. नुसतं घरंगळलं तरी त्याच्यावर चरा उठायचा. वर्षभराने ब्रिटनची भालेवाली ब्रिटानिया आली, तीही मिश्र सोन्याची. ही तिघं उघडीच डब्यात पडून असायची. त्यांना कोणत्याही दिवशी कोणत्याही दुकानात सोन्याचा भाव मिळणार होता, त्यामुळे त्यांना चऱ्यांचं काही वाटत नसे. माझी किंमत सोन्याहून जास्त होती, पण ती माझ्या कोऱ्या अंगात होती. हा फरक आन्तेला कोणी नीट सांगितला नाही.

भाव काही वाढला नाही. उलट थोडा वरखाली होत वर्षामागून वर्ष उतरतच गेला. शेजारची नोरीन पेपरातला भाव मोठ्याने वाचून दाखवायची आणि त्याला चिडवायची.

"अरे, सोनं काय अंडं आहे, इतकी वर्षं उबवत बसलायस? विक आणि जा की बहिणीकडे!"

"पुढच्या वर्षी. तोट्यात विकायला मी काय खुळा आहे?"

१९९९च्या जूनमध्ये लूत्सेचं हृदय दुबळं झाल्याचं कळलं. आन्तेने तिला फोन लावला. सुरुंगांच्या आवाजाने त्याचे कान गेले होते, त्यामुळे फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला असायचा आणि तिचं बोलणं खोलीभर ऐकू येत होतं.

"सेका, या वेळी नक्की येतो. ठरलंच म्हण."

"तुझं तेरा वर्षं ठरतंच आहे. अंजिरं वाळवून ठेवते. नाही आलास तर शेजारणीच्या बकरीला घालीन, सांगून ठेवते!"

मग त्याने पर्थच्या हॅलोरन नावाच्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला विचारलं. पहिल्या वर्षीचं आरशासारखं नाणं चांगल्या अवस्थेत असेल, तर हॅलोरनकडे सोन्याच्या तिप्पट किंमत देणारा संग्राहक होता. माझी ती किंमत आणि बाकी तिघांचं सोनं मिळून प्रवासाचा खर्च भागणार होता. आन्तेने फोन ठेवला आणि डोळे पुसले.

पर्थला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने मला उजेडात धरलं. माझ्या काठाशी एक बारीक लालसर डाग पडला होता. जुन्या सोन्यावर असा डाग कधी कधी पडतो, त्याने काही बिघडत नाही. पण आमच्याकडची लाल धूळ बंद कपाटातसुद्धा शिरते. आन्तेला वाटलं, तीच डबीत शिरली. नगेट शोधणाऱ्यांची रीत अशी, की सापडलेला गोळा आधी तेजाबात भिजवायचा, मग ब्रशने घासून त्याची माती काढायची. धुतलेल्या गोळ्याला चांगले पैसे येतात. खाण सुटल्यापासून त्याने हेच केलं होतं, आणि माझ्या अंगावर तर नगेटचंच चित्र होतं.

त्याने डबी फोडली. परसातल्या बाकावर बसून, भांडी घासायची पूड आणि जुना दातांचा ब्रश घेऊन तो मला घासू लागला. किती प्रेमाने घासत होता! माझ्या मऊ अंगावरचा आरसा बारीक चऱ्यांनी भरत होता, आणि मी ओरडू शकत नव्हतो. नोरीन केक घेऊन आली तेव्हा त्याने मला उंच धरलं.

"बघ, नवरदेवासारखं दिसतंय की नाही?"

"छान दिसतंय," नोरीन म्हणाली. तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पर्थच्या दुकानात हॅलोरनने डोळ्याला भिंग लावलं आणि मला दिव्याखाली कलतं धरलं.

"हे कोणी घासलं?"

"मीच. डाग होता."

"अहो राडमान, तो डाग ठेवूनही माझ्या माणसाने हे घेतलं असतं. आता हे नुसतं औंसभर सोनं आहे. मला फार वाईट वाटतं."

बाकी तिघांचा भाव त्याने एका दमात सांगितला. चौघांची बेरीज तिकिटाला पुरत नव्हती. आन्तेने आम्हाला परत डब्यात घातलं. घरी परतल्यावर नोरीन म्हणाली, "कमी पडतात ते पैसे मी घालते. नंतर दे, नाहीतर नको देऊस." त्याने नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे जूनमध्ये हिवाळा लागतो; तो संपेपर्यंत शोधलं तर एखादा गोळा मिळेल, म्हणाला, आणि यंत्र घेऊन रानात गेला.

सहा आठवड्यांनी तो रिकाम्या हाताने आला, तेव्हा नोरीन फाटकातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. लूत्से गेल्याचा फोन चार दिवसांपूर्वी आला होता.

सप्टेंबरात आन्तेने आम्हा चौघांना हॅलोरनकडे विकलं. भाव जूनमधल्यापेक्षाही थोडा कमीच होता. कमी पडलेले पैसे नोरीनने घातले आणि या वेळी त्याने ते घेतले. जूनमध्ये न जमलेलं तिकीट असं जमलं.

बाकीची तिघं लवकरच गिऱ्हाइकांबरोबर गेली. मी हॅलोरनच्या टेबलावर राहिलो. परत आल्यावर आन्ते एकदा दुकानात आला. काही घ्यायचं नव्हतं, नुसता बसला.

"कबर बघितली. मग घरी गेलो," तो म्हणाला. "वरच्या खोलीत माझी खाट घालून ठेवली होती. शेजारीण म्हणाली, ती दर उन्हाळ्यात गादी उन्हात टाकायची. तेरा उन्हाळे, हॅलोरन! आणि मी इथे पेपरात भाव बघत होतो."

हॅलोरनने मला त्याच्यापुढे सरकवलं. आन्तेने मला हात लावला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं नाणं तुमच्या हाती आलं तर त्याला कडेला धरा, आणि ते कितीही मळकट दिसलं तरी घासू नका. एवढी काळजी आम्हाला पुरते. मला शंभर वर्षं डब्यात ठेवलं तरी मी आहे तसाच राहीन, कारण मला कोणाची वाट बघायची नसते. पण कोणी तुमच्यासाठी गादी उन्हात टाकत असेल, तर भाव वाढायची वाट बघू नका. मिळेल त्या किमतीला आम्हाला विका आणि जा.