शेवटचा ट्रक

आस्गेरच्या दोन गाई व्यायल्यानंतर आडव्या पडल्या. जनावरांच्या डॉक्टरनं इंजेक्शन देऊन त्यांना उठवलं आणि सांगितलं, "खाद्यात खनिजं नाहीत." आस्गेर तडक आमच्या पशुखाद्याच्या गिरणीत आला.

"बोडिल, माझ्या वाटणीची खनिजांची भुकटी कुठं जाते, ते त्या प्रेबेनला विचार!"

गिरणीत माल तपासायचं काम माझं. यंत्रातून मिसळून निघालेलं खाद्य मी तपासलं: जव, मका, खनिजांची भुकटी, सगळं प्रमाणात. आस्गेरच्या ट्रकमध्ये मात्र जवळजवळ नुसते दाणे. मधे होता फक्त सायलो, म्हणजे खाद्य साठवायची उंच टाकी, आणि त्याची किल्ली तो सांभाळणाऱ्या प्रेबेनकडे. शेताच्या चरावरून त्याचं आणि आस्गेरचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तीन दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली. त्याचा डबा मला जड वाटे. एकदा त्याच्या कोटावर पांढरी भुकटी दिसली, तर घरी जाऊन नवऱ्याला सांगूनही टाकलं, "चोर सापडला!"

चौथ्या दिवशी सायलो भरत असताना मी शिडी चढून वरच्या झडपेतून आत पाहिलं. मधोमध ढीग वाढत होता. जाड दाणे उतारावरून घरंगळत भिंतीशी जात होते. भुकटी दाण्यांच्या फटींतून झिरपून मधेच बसत होती. तळाचं तोंडही मधोमध. ते उघडलं की आधी मधला माल उतरणार, कडेचा शेवटी. आस्गेरचं शेत आमच्या बेटाच्या टोकाला, म्हणून त्याचा ट्रक नेहमी शेवटी भरायचा.

मी धावत जाऊन पहिल्या ट्रकचा नमुना तपासला. भुकटी दुप्पट होती.

प्रेबेन राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून खात होता. मी सगळं कबूल केलं.

"म्हणजे शिडीखाली घुटमळत होतीस, ती माझ्यासाठी?"

"चुकलं माझं."

"तोंडावर विचारायचंस की, पोरी. अकरा वर्षं एका टेबलावर जेवतोय आपण."

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतः आत उतरून तळाच्या तोंडाच्या जरा वर, टोक वर करून, पत्र्याचा शंकू बसवला, म्हणजे मधला आणि कडेचा माल बरोबरीनं उतरेल. आस्गेरचा ट्रक भरला तेव्हा नमुना प्रेबेननंच माझ्यापुढे ठेवला.

"मोज. माझ्यासमोर."

प्रमाण बरोबर आलं. आस्गेरनं जरा अवघडून हात पुढे केला, प्रेबेननं तो धरला. माझ्याशी मात्र प्रेबेन अजून कामापुरतंच बोलतो, आणि डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसतो.