खाटेवरून दिसणारी वाट

"अजून वर घ्या," नजरबाई फोनवर म्हणाल्या. खाली माळावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरने दोरी सैल सोडली आणि लाल फुगा तीन मजल्यांच्या उंचीवर जाऊन डुलत राहिला.

ऑफिसात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. गावाबाहेर नवी वसाहत उभी राहायची असली, की आसपासच्या घरांतून काय दिसेल आणि काय दिसेनासं होईल, याचे फोटो काढून अहवाल लिहायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. म्हणून नजरबाई. "बाईंची नजर लागली की बिल्डिंग वाकडी होते," असा विनोद चहाच्या वेळी व्हायचा. त्याही हसायच्या.

आत्ता त्या टेकडीवरच्या एका निवृत्त पोस्टमनच्या घरात, खाटेशेजारी उभ्या होत्या. पोस्टमनच्या बायकोचं कमरेखालचं अंग सहा वर्षांपूर्वी गेलं होतं. खाटेला लागून खिडकी होती.

"काकू, इथून तुम्ही काय बघता?"

"ती माळावरची पायवाट. हे दुकानात गेले की तिथूनच परत येतात. मागच्या वर्षी चक्कर येऊन तिथे पडले. मला दिसलं म्हणून मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. तेव्हापासून हे वाटेवर दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. तो फुगा म्हणजे काय?"

"नव्या घरांची छपरं तिथवर येतील."

"मग वाट गेलीच की."

नजरबाईंनी गुडघे टेकले, कॅमेरा उशीच्या उंचीवर आणला आणि फोटो काढला.

ऑफिसात साहेबांनी तो पडद्यावर पाहिला आणि बाजूला सारला. "खाटेवरून कोण फोटो काढतं? अंगणातून घ्या, उभं राहून. रुंद लेन्स लावा. आणि परिणाम किरकोळ, असं लिहून टाका."

रुंद लेन्समधून तीन मजली घरं काडेपेटीएवढी दिसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण नजरबाईंना नकाशे काढणारे एक जुने सहकारी आठवले. ते साहेबांना एकदाच 'नाही' म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची जिन्याखाली होती, आणि महिन्याभरात ते स्वतःही दिसेनासे झाले. नजरबाईंचा नवरा हयात नव्हता, लेकीचं शिक्षण व्हायचं होतं. त्यांनी अंगणातला फोटो लावला आणि 'किरकोळ' लिहिलं.

त्या रात्री जेवणाचं ताट त्यांनी तसंच झाकून ठेवलं. लेकीने फोनवर विचारलं, "आई, आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीये," त्या म्हणाल्या.

सुनावणी सभागृहात होती. वसाहतीला परवानगी देणारी पाच जणांची समिती टेबलामागे, साहेब पहिल्या रांगेत. हरकती मागवल्या तेव्हा पोस्टमनकाका अहवाल घेऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही आमच्या घरी आलात. खाटेशी बसून फोटो काढलात. तो यात नाही. हरवला का?"

काकांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. नजरबाईंनी फक्त होकारार्थी मान हलवली असती, की सुटका होती.

"काही तांत्रिक कारणं असतात," साहेब बसूनच म्हणाले.

"त्यांना बोलू द्या," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

नजरबाई उठल्या. त्यांनी पुढची खुर्ची धरली. खुर्ची करकर वाजू लागली, तशी ती सोडली.

"हरवला नाही. माझ्याकडे आहे. मी लावला नाही."

"का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"भीती वाटली."

"कुणाची?"

साहेब त्यांच्याकडे बघत होते. "आत्ताही वाटतेय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पर्समधून तो फोटो काढून टेबलावर ठेवला.

त्याच दुपारी समिती टेकडीवरच्या घरी गेली. पुन्हा फुगा चढवला. पाचही जणांनी चपला बाहेर काढल्या आणि एकेक जण खाटेशी वाकून खिडकीबाहेर बघू लागला. "खाली सतरंजी घ्या, गुडघे दुखतील," काकू प्रत्येकाला सांगत होत्या. साहेबांची गाडी तोवर निघून गेली होती. नजरबाई बसने घरी आल्या, आणि दार लावल्यावर कितीतरी वेळ दाराशीच बसून राहिल्या.

वसाहत झालीच. फक्त पुढच्या रांगेचा एक मजला कमी झाला. नजरबाईंना महिन्याभरात घरी बसवलं. आता त्या एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढतात. दारात कुणाची सावली पडली तरी अजून दचकतात.

पुढच्या वर्षी एकदा त्या टेकडीवर गेल्या. काका दुकानात गेले होते. खिडकीत छपरंच छपरं होती, आणि त्यांच्या वर वाटेचा शेवटचा तुकडा. तेवढा दिसावा म्हणून काकूंनी डोक्याखाली दुसरी उशी घेतली होती.

"मान अवघडत नाही का?"

"अवघडते." काकूंनी खिडकीबाहेरची नजर हटवली नाही. "आज उशीर झाला यांना."

नजरबाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली. मग दोघीही त्या तुकड्याकडे बघत राहिल्या.