चारी सरांचं अडणं

बोलणारा अडखळला की बाकीच्यांना ते कानांनी कळतं. स्वर्णलताला ते डोळ्यांनी कळायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची निळी रेघ धावते, तिच्यात वीरभद्राचारी ऊर्फ चारी सरांचा 'प' आधी कंगव्याच्या दातांसारखा उमटायचा, मग रेघ सपाट, पुन्हा कंगवा, आणि मग एकदम डोंगर. डोंगर आला म्हणजे शब्द सुटला. स्वर्णलता कंगव्याच्या अलीकडे एक घाव घालायची, डोंगराच्या पायथ्याशी दुसरा. मधला तुकडा उचलून टाकायचा आणि दोन टोकं जुळवायची. भेंडीची देठं काढण्याइतकं सोपं काम. फक्त भेंडीला चेहरा नसतो.

चेहऱ्याचीच पंचाईत होती. शब्द अडला की सर डोळे घट्ट मिटायचे, मान वर ताणायचे, आणि मधला तुकडा काढला की ती मान टुणकन जागेवर आल्यासारखी दिसायची. म्हणून स्वर्णलता प्रत्येक सांध्यावर फळ्याचं चित्र पडदाभर पांघरायची. बघणाऱ्या पोरांना वाटे, वा, काय नेमक्या वेळी फळा दाखवतात!

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. हैदराबादेत अशोकनगरच्या स्पर्धापरीक्षा अकॅडमीत येण्याआधी ती एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायची. रुसलेली आत्या, जांभई देणारे भटजी, पंक्तीत पप्पू, म्हणजे वरण, अंगावर सांडून घेणारा व्याही, सगळं गाळून लग्न हसतखेळत पार पाडून द्यायची. "स्वर्णक्काच्या हातून गेलं की कुठलंही लग्न सुखाचंच," असं स्टुडिओवाला म्हणायचा. तिचं स्वतःचं लग्न तेवढं तिच्या हातून गेलं नव्हतं.

वीरभद्राचारी सर अकॅडमीत सगळ्यात जुने. सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणारी नलगोंडा-खम्ममकडची पोरं त्यांच्याकडे गणित शिकायची. 'प'शी सरांचं जन्माचं वैर, आणि शिकवायला काय, तर पर्सेंटेज, पर्म्युटेशन, प्रॉबॅबिलिटी. "देवानं सिलॅबस बघून दावा साधलाय माझ्यावर," असं ते स्वतःच म्हणायचे. तेही एका दमात नाही. साथीच्या दिवसांत वर्ग बंद पडले, कॅमेरे आले, आणि मालक उपेंदर रेड्डींनी सगळ्या मास्तरांना काचेच्या खोलीत एकेकटं उभं केलं.

सरांचा पहिला व्हिडिओ स्वर्णलताने होता तसा वर चढवला होता. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'दुप्पट वेगानं लावला तरी हा माणूस जागेवरच.' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. सरांनी ते बघण्याआधी तिने तो व्हिडिओ उतरवला आणि कात्री हातात घेतली. सरांना विचारलं नाही. विचारणार तरी काय, की सर, तुमचं तोतरेपण काढून टाकू का?

मग हात बसला. एका सकाळी तर सरांच्या तोंडून 'प्रॉबॅबिलिटी' हा शब्द लोण्यातून केस निघावा तसा अलगद निघाला. स्वर्णलताने तेवढाच शब्द कापून वेगळा ठेवला. पुढे जिथे जिथे तो अडला, तिथे तिथे तोच चिकटवला. तासाचं व्याख्यान कापून ती त्याचे छोटे छोटे भाग पाडायची, कारण पोरं हल्ली तासभर टिकत नाहीत. आणि भाग असे पडायचे की वाटावं, हा माणूस जन्मल्यापासून धो धो बोलतोय.

सर गाजले. झेरॉक्सच्या दुकानात, मेसमध्ये पोरं त्यांच्या पाया पडायला लागली. "सर, काय फ्लो आहे तुमचा!" सरांना आधी वाटलं, टर उडवतात.

एके दिवशी ते डबा घेऊन तिच्या टेबलाशी आले. डब्यात बोब्बट्लू होते, म्हणजे आपल्या पुरणपोळीची मावसबहीण.

"घे अम्मा. घरून आणलेत. रमणम्मानं तुझ्यासाठी म्हणून केलेत."

"माझ्यासाठी? काय विशेष, सर?"

"मी काल माझा व्हि... व्हिडिओ बघितला. पहिल्यांदाच." सर खुर्ची ओढून बसले. त्यांचे डोळे ओले होते की काय, हे बघायचं तिने टाळलं. "रमणम्मालाही दाखवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, म्हणते, हा माणूस कोण आणलात घरात?"

स्वर्णलता हसली. घास तोंडातच घोळत राहिला.

"लहानपणी वरंगलच्या डॉक्टरानं सांगितलं होतं, बाबू, तुला वाटतं तेवढा तू अडत नाहीस. तुझ्याच कानाला ते मोठं ऐकू येतं. मी त्याला शिव्या घातल्या होत्या. खरं बोलत होता ग बिचारा! त्या खोलीत मला वाटायचं, प... प्रहर लोटला. आणि बघतो तर काय, काहीच नाही! गुळगुळीत!"

आता सांगायला हवं होतं. ते तिला त्याही वेळी कळत होतं. पण तोंडात पुरणाचा घास, समोर माणूस पहिल्यांदा स्वतःवर खूश झालेला. ती म्हणाली, "छान झालेत हो बोब्बट्लू. वेलची जरा जास्त आहे का?"

इथवर सगळं झाकलेलं होतं. झाकण उडवलं उपेंदर रेड्डींनी. नव्या बॅचच्या आधी फंक्शन हॉलमध्ये मोठा वर्ग ठेवायचा, कुणीही यावं, मोबाइलवरही लाइव्ह दिसावा, आणि शिकवणार कोण, तर चारी सर. गल्लीभर फलक लागले. फलकावर सर हात उंचावून उभे, जणू आमदारकीलाच उभे आहेत.

स्वर्णलता मालकांच्या खोलीत गेली. "सर, चारी सरांना लाइव्हला नका उभं करू."

"का बरं? तब्येत?"

"ते अडतात."

"अडायचे, अक्का. आता बघा ना कसे बोलतात."

"ते मी कापते."

उपेंदर रेड्डींनी मोबाइल खाली ठेवला आणि डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "समजलो. म्हणजे सर गाजले ते तुमच्यामुळे. पगाराचं बोलायचं असेल तर सरळ बोला, अक्का. आडून कशाला येता?"

ती खाली आली. सर जिन्यातच भेटले, नवा शर्ट शिवायला टाकून आलेले.

"सर, रेकॉर्डिंगच बरं नाही का?" ती म्हणाली. "हॉलमध्ये गर्दी, माइक, गोंधळ. उगीच दगदग."

सरांचा चेहरा पडला, मग कडक झाला. "तू पण?"

"तसं नाही सर..."

"शाळेत मास्तर म्हणाले, तू कविता म्हणू नकोस, मागे बस. लग्नात मामा म्हणाले, तू बोलू नकोस, आम्ही बोलतो. आयुष्यभर सगळ्यांना माझी दगदग! आता बोलता येतंय तर तू आलीस." ते दोन पायऱ्या चढले आणि वळले. "समोर येऊन बस. आणि ऐक."

त्या क्षणी तिने हात धरून त्यांना टेबलाशी नेलं असतं आणि एकच न कापलेला व्हिडिओ दाखवला असता, तर? पण न कापलेलं काही उरलंच नव्हतं. जागा अडते म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायची अकॅडमीची पद्धत होती, आणि ती पद्धत पाळण्यात स्वर्णलता फार चोख होती.

हॉल भरला. लग्नाच्या लाल खुर्च्या, मागे उभी पोरं. स्वर्णलता समोर नव्हती. ती बाजूला, लाइव्ह सोडणाऱ्या मशिनपाशी होती. या मशिनला पुढे-मागे काही नव्हतं. आलं ते गेलं.

सर नव्या शर्टात आले. टाळ्या. त्यांनी हात जोडले, खडूसारखा पांढरा पेन उचलला, फळ्यावर दोन फासे काढले आणि हसून पोरांकडे वळले.

"आज आपण शिकणार आहोत प..."

पडद्यावर कंगवा उमटला. स्वर्णलताचा हात आपोआप माउसवर गेला, आणि तिथेच राहिला.

"प... प..." डोळे मिटले. मान ताणली. हॉल आधी शांत होता, तो अदबीने. मग शांतता लांबली आणि तिचा रंग बदलला. खुर्च्या करकरल्या. सर थांबले, श्वास घेतला, पुन्हा तोच उंबरठा चढायला गेले आणि पुन्हा तिथेच ठेचकाळले.

तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला: "प्रॉबॅबिलिटी."

स्वच्छ, गोल, लोण्यासारखा. आवाज सरांचाच. कुणीतरी मोबाइलवर त्यांचाच व्हिडिओ लावला होता. हॉल फुटला. दुसऱ्या कोपऱ्यातून दुसऱ्या व्हिडिओतला शब्द आला: "प्रॉबॅबिलिटी." मग तिसरीकडून. सगळीकडून तोच शब्द, तोच चढ, तोच उतार, शेवटी तोच हलका श्वास.

पोरं हसत होती. त्यांना तो नुसता खेळ होता. पण सर गणिताचे मास्तर. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या व्याख्यानात बोललेला शब्द असा तंतोतंत एक येईल, याची शक्यता किती, हे त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी मिटलेले डोळे उघडले. गर्दीकडे नाही, बाजूला पाहिलं, मशिनकडे. स्वर्णलताकडे.

मग पेन खाली ठेवला आणि पंगतीचं सामान नेतात त्या मागच्या दाराने निघून गेले.

दोन-चार दिवस ते आले नाहीत. लाइव्हचे तुकडे गावभर फिरले. ते कापायला मात्र कुणा स्वर्णलताची गरज पडली नाही. आले त्या दिवशी थेट तिच्या टेबलाशी. बसले नाहीत.

"मी सांगितलं होतं, काप म्हणून?"

"नाही सर."

"मग?"

"लोक हसत होते. मला वाटलं..."

"हसू दे की! मला काय ते नवीन आहे?" ते अडत होते, पण थांबत नव्हते. "वर्गात मी अडलो की पोरं पेन उचलायची. मला शब्द सुटेपर्यंत पुढची पायरी कोण काढतो, पैज लागायची. मी 'प प' करतोय आणि तिसऱ्या बाकावरची पोरगी ओरडते, सर, पाच छत्तीसांश! अशी शिकायची माझी पोरं. माझं अडणं म्हणजे त्यांचा विचार करायचा वेळ होता. तो तू केरात टाकलास. आणि वर मला खोटं सुख दिलंस. रमणम्मानं बोब्बट्लू केले ग तुझ्यासाठी!"

हे बोलायला त्यांना बराच वेळ लागला. ती तेवढा वेळ उभी राहिली. एकदा मध्येच एक शब्द अडला तेव्हा तो तिला समजला होता, आणि तिने तो सवयीने पुरवला. सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ओठ दाताखाली दाबले.

उपेंदर रेड्डी वाईट माणूस नव्हते; त्यांनी सरांना काढलं नाही. त्यांनी तोड काढली. तरुणतेज नावाचा एक देखणा पोरगा आणला, रेडिओवर बोलायचा. "फळ्यावर हात सरांचाच ठेवू," ते म्हणाले, "अक्षर सुंदर आहे. चेहरा काढा, आवाज काढा. आवाज तरुणतेजचा घाला. अक्का, तुम्हाला तर हे डाव्या हाताचं काम."

सर नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. मनातून तिची तीच इच्छा होती. सर हो म्हणाले. गणितं त्यांची होती. ती दुसऱ्या कुणाच्या हातात चुकलेली त्यांना बघवणार नव्हती.

आणि ती चुकायला लागलीच. तरुणतेजला बोलता यायचं, गणित यायचं नाही. फळ्यावर हात भागाकारावर असला तरी त्याचा आवाज गुणाकारात रमलेला. भाग पाडताना वाक्य कुठे संपतं ते स्वर्णलताला कळायचं. गणिताची पायरी कुठे संपते ते कळायचं नाही. शेवटी मालकांनीच सांगितलं, सरांना शेजारी बसवा.

आता सर रोज दुपारी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. पडद्यावर त्यांचा मनगटापर्यंतचा हात लिहीत असतो. तरुणतेजचा आवाज वाहत असतो. पायरी संपली की सर बोटाने टेबलावर टिचकी मारतात, आणि ती कापते.

"इथे ना, सर?"

मान हलते.

एके दिवशी तिने विचारलं, "आणि हा थांबा ठेवू? मुलांना पायरी काढायला वेळ मिळेल."

सरांनी त्या दिवशी तोंड उघडलं. ओठ 'प'साठी जुळले. स्वर्णलताने माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला आणि वाट बघत राहिली. घाई नव्हती, तिला दुसरं काही काम नव्हतं, असतं तरी तिने ते केलं नसतं.

सरांनी तिच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. ओठ सोडले. खिशातून पेन काढून समोरच्या रद्दी कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'पोरं थांबणार नाहीत. काप.' आणि कागद तिच्याकडे सरकवला.