थोरलीचं बोट

गल्लीत त्या दोघी बहिणींना काज आणि बटण म्हणत. थोरली शर्टांना काजं करायची, धाकटी बटणं लावायची, आणि गिऱ्हाईक कोणाशीही बोललं तरी उत्तर थोरलीच द्यायची. दोघींनी लग्न केलं नाही. का, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. धाकटीने साठी ओलांडली तरी थोरली तिला 'बाळे' म्हणूनच हाक मारी.

सरकारी ओळखकार्डाचं शिबिर शाळेत भरलं होतं. फोटो एका वर्गात, बोटांचे ठसे दुसऱ्यात. ठशांच्या यंत्रातला उजेड पाहून धाकटीचं धाबं दणाणलं. तिचं नाव पुकारलं गेलं, पण पुढे झाली थोरली. "थांब गं, दुखतं का ते मी आधी बघते." लहानपणी कडू औषधाचा पहिला घोटही तीच घेऊन बघायची. तिने बोटं टेकवली, यंत्र वाजलं आणि ऑपरेटर मान वर न करता म्हणाला, "झालं. पुढच्या या." अशी धाकटीच्या नावावर थोरलीची बोटं गेली आणि थोरलीच्या नावावर धाकटीची. त्या गृहस्थाने एकदा डोळे वर केले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण डोळे वर करायचा पगार त्याला मिळत नसावा.

घोळ उघडकीला आला बँकेत. दुरुस्तीला गेल्या, तर यंत्र म्हणे, हे ठसे आधीच दुसऱ्या बाईचे आहेत, घेता येणार नाहीत. धाकटीची बोटं थोरलीने सोडल्याशिवाय धाकटीला मिळेनात, आणि थोरलीची धाकटीने सोडल्याशिवाय थोरलीला. चार ठिकाणी हेलपाटे घालून दोघींनी नाद सोडला. मग कुठेही जायचं तर जोडीने. धाकटीचं काम असलं की थोरली बोट टेकवी, थोरलीचं असलं की धाकटी. "नवरा-बायकोसुद्धा एवढे चिकटून राहत नाहीत," थोरली खिदळायची. त्या बोट टेकवत तेव्हा बँकेतला कारकून नेमका पंख्याकडे बघायचा.

मग एका सकाळी थोरलीला धाप लागली. इस्पितळात धाकटी बाहेर चपला काढून आत येईपर्यंत नर्सने थोरलीचं बोट यंत्रावर टेकवलंही होतं. मनगटावर पट्टी आली ती धाकटीच्या नावाची. धाकटीला ती दिसली. तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले, कारण नाव चुकलं म्हणून कोणी नाकावरची नळी काढली तर? बरी झाली की सांगू, असं तिने ठरवलं. थोरली बरी झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

इस्पितळाच्या कागदपत्रांच्या खिडकीवरची बाई चांगली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं. तिने धाकटीला आत बोलावून खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, डॉक्टरांनी मृत्यू नोंदवला की निरोप आपोआप सगळीकडे जातो. बँक, दवाखाना, सगळीकडे. तुमच्या नावाचं कार्ड बंद झालंय."

"अहो, पण मी इथे तुमच्यासमोर बसलेय."

"मला दिसतंय. यंत्राला फक्त बोट दिसतं."

"मग तक्रार करते."

"ती तुमच्याच कार्डावरून करावी लागते. आणि तुम्ही..."

"मला माझं काही नको," धाकटी म्हणाली. "माझ्या ताईला तिच्या नावाने जाऊ द्या. एवढंच करा."

बाईने खरंच खटपट केली. दोन फोन केले, वरच्या साहेबांना जाऊन भेटली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "चौकशी लावता येईल. पण चौकशीला दोघींची बोटं लागतात, आणि यंत्र फक्त जिवंत बोट घेतं. निकाल लागेपर्यंत त्यांना खाली शीतगृहात ठेवावं लागेल."

"किती दिवस?"

"ते कोणीच सांगत नाही, मावशी."

धाकटीच्या डोळ्यांपुढे शीतगृहातली लोखंडी फळी आली. थोरलीला थंडी अजिबात सोसत नसे. भर उन्हाळ्यातही ती पायात मोजे घालून काजं करायची. धाकटी रडली नाही. तिला संताप आला, आणि तो कोणावर काढावा तेच कळेना.

"नेते मी तिला," ती म्हणाली.

"मग ताब्यात घेणाऱ्या नातेवाइकाचं बोट इथे."

धाकटीने बोट टेकवलं. पडद्यावर थोरलीचा फोटो उमटला, शिबिरातला, ओठ घट्ट मिटलेले. खाली हिरव्या अक्षरांत आलं: व्यक्ती जिवंत आहे. धाकटी त्या अक्षरांकडे बघतच राहिली. क्षणभर, एकच क्षण, तिला ते खरं वाटलं.

"मयत तुमच्या कोण?" बाईने खालच्या आवाजात विचारलं. विचारणं भाग होतं. तो रकाना रिकामा सुटत नव्हता.

"थोरली बहीण."

बाईची बोटं थबकली. "मावशी, यात थोरल्या तुम्ही आहात. तसं लिहिलं तर हे पुढे सरकणार नाही."

बाहेर शववाहिनीचा गाडीवाला ताटकळला होता. धाकटीने दाराकडे पाहिलं, तिथे स्ट्रेचरवर पांढऱ्या चादरीतून मोज्यांचे दोन पाय बाहेर आले होते.

"धाकटी," ती म्हणाली. "माझी धाकटी बहीण गेली."