पाडायचं देऊळ

मला विचाराल तर, ज्याला पडक्या देवळाचं चित्र काढायचंय त्याने सरळ पडकं देऊळ काढावं. पण आमच्या धाकट्याला सरळ काही जमलं असतं तर आणखी काय हवं होतं! तो आधी अख्खं देऊळ बांधतो. कॅनव्हासवर. खांब, छत, दार, भिंतीवरची चित्रं, सगळं कालच बांधून झाल्यासारखं. रंग वाळला की पाडायला घेतो. इथे भेग, तिथे ढलपा उडालेला, वरून धुळीच्या रंगाचा पातळ हात. "ताई, जे उभंच नव्हतं ते पडणार कसं?" हे त्याचं उत्तर. तीस वर्षं हेच ऐकतेय.

धाकटा म्हणजे आता चौसष्ट वर्षांचा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन त्याच्याकडे राहायला आले, ती आलेच. त्याने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, कुठली बायको हा वास सहन करेल? मी करते ना! घरात टर्पेंटाइन इतकं मुरलंय की चहालाही त्याचाच वास. मोठ्या चित्राला कापडाचा एक पन्हा पुरत नाही, तेव्हा दोन पन्हे मीच जोडून देते, पुढून शिवण दिसणार नाही असे.

या वेळचं चित्र सगळ्यांत मोठं होतं. वाचनालयाच्या नव्या दालनाची अख्खी भिंत. तिथल्या सेक्रेटरीबाईंनी पुस्तकातला एक फोटो आणून दिला होता. इजिप्तमधलं प्राचीन देऊळ, निम्मे खांब आडवे, छताच्या जागी आकाश, बाकी वाळूच वाळू. "अगदी असंच हवं," म्हणाल्या. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की उजवा खांदा पार झिजलाय, एवढं मोठं काम आता हे शेवटचं. धाकटा घरी येऊन म्हणाला, "बरं झालं. कंटाळाच आला होता." खोटारडा मेला. त्या दिवशी जेवला नाही.

चार महिने बांधत होता. अर्धा तास काम, अर्धा तास खांद्यावर गरम पाण्याची पिशवी. पिशव्या भरून भरून माझ्या नाकी नऊ आले. एका दुपारी अशीच पिशवी घेऊन खोलीत गेले आणि दारातच थांबले. देऊळ पूर्ण झालं होतं. माणसाच्या कवेत मावणार नाहीत असे खांब, वर कमळाच्या कळ्या, लाल आणि हिरव्या. भिंतीवर राजे, होड्या, बदकं. आणि छत गर्द निळं, त्यावर पिवळ्या चांदण्याच चांदण्या. तीस वर्षांत मी त्याच्या चित्रासमोर कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. पिशवी मांडीवरच गार झाली.

"हे पाडू नकोस," मी म्हटलं.

"ताई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. शिवून झालेला कपडा मी कधी गिऱ्हाइकासमोर टराटरा फाडला का?"

तो हसला. पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. रंग वाळायला तीन आठवडे लागतात, याने पाच लावले. रोज बोट टेकवायचा आणि म्हणायचा, अजून ओलं आहे. मीही बोट टेकवून पाहिलं होतं. खडखडीत वाळलं होतं.

शेवटी मीच सेक्रेटरीबाईंना फोन करून बोलावलं. म्हटलं, डोळ्यांनी बघतील तर विरघळतील. बाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुंदर आहे हो. पण हे जुनं नाही वाटत. बघणाऱ्याला खोटं वाटेल."

माझं डोकंच फिरलं. "बांधलं तेव्हा ते जुनं होतं का?"

"ताई!" धाकटा ओरडला.

बाई बिचाऱ्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "हवं तर हे तुमच्याकडेच ठेवा. भिंतीवर आम्ही फोटो मोठा करून लावू. सोमवारपर्यंत कळवा."

त्या गेल्या आणि आमची जुंपली.

"ठेव की घरात," मी म्हटलं. "तू बघशील, मी बघेन. दोघं काय कमी आहेत?"

तो खाली बघत म्हणाला, "मला नाही पुरत, ताई. शेवटचं आहे. माणसांनी बघायला हवं. पडकं तर पडकं."

 मी आपली मशीनवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ब्रश घेतला. खालच्या पायऱ्या फोडल्या, दाराचा कोपरा उडवला. छातीच्या वर मात्र हात जाईना, पाच आठवडे बसून खांदा पार आखडला होता. डावा लावून पाहिला, तर भेग भलतीकडेच गेली. मी मशीनवरून बघत होते. पाय चालत होते, सुईखाली कापडच नव्हतं.

"ताई," त्याने हाक मारली.

कशाला, ते मी विचारलं नाही. उठले, शेजारी उभी राहिले आणि त्याचं कोपर खालून दोन्ही तळहातांवर घेतलं. त्याने वर म्हटलं की वर, डावीकडे म्हटलं की डावीकडे. ब्रशचा प्रत्येक फटकारा मला त्याच्या हाडातून कळत होता. पाडू नकोस म्हणून भांडलेली मीच, आणि माझ्याच हातांवर ते पडत होतं. एक राजा गेला. होड्या गेल्या. दुपारपर्यंत निम्मे खांब वाळूत आडवे झाले. आम्ही दोघंही घामाघूम झालो होतो.

"अजून वर," तो म्हणाला. "आता छत."

मी हात हलवला नाही. "छत राहू दे रे. एवढं तरी राहू दे."

त्याला धाप लागली होती. कोपराचा सगळा भार माझ्या हातांवर होता. तो म्हणाला, "मला एकट्याला जमलं असतं ना ताई, तर तुला हे करायला लावलं नसतं."

मी त्याचा हात वर उचलला. त्याने पहिल्या चांदणीवर दिवसाच्या आकाशाचा फिका रंग चढवला.